माळ्यावरची शेवंती

देवबाग
२० जानेवारी १९५८

चि. सौ. सीता हिस आजीचे पोटभर आशीर्वाद.

गो बाय, तुझे कार्ड काल पोचले. पोस्टमन म्हणाला वाचून दाखवतो. मी म्हटले, "दी हय! माझ्या नातीचा कार्ड माका वाचूक येता." दुसरीपर्यंत शिकले ते काय फुकट? जोडाक्षर आले की मी थांबते, पाणी पिते, मग पुढे जाते. 'चौथा महिना' यात जोडाक्षर एकसुद्धा नाही, पण तिथे मी थांबले आणि अख्खा तांब्या प्यायले. मग पदर तोंडावर धरून एकटीच हसत बसले. कोंबड्या बघायला आल्या, म्हातारीला काय झाले म्हणून.

तुझी आई असती तर तिने केले असते. ती नाही, बाप तुझा बोटीवर, पण मी तुला वाढवली आहे, तेव्हा पहिले बाळंतपण माझ्याकडे. सातव्यात ये, बोटी चालू आहेत तोवर. एकदा मे संपला की बोट बंद, मग तू तिथे आणि मी इथे वाळू मोजत.

तयारीला मी लागले. वालावलच्या माझ्या मावसबहिणीकडे सावरीचा कापूस सांगून ठेवला, बाळाच्या उशीला. डिंक आणला, लाडवांसाठी खारीक आणली. आणि इथेच एक गजाल झाली. खारीक फडताळात ठेवली, तर परवा अर्धी. काल नुसत्या बिया, त्यासुद्धा चाटून ठेवलेल्या. वर बघते तर आड्यावर बसून एक खार मला बघते आहे. खारीला खारीक! रामाने पाठीवरून बोटे फिरवली म्हणून एवढा माज? माझ्या पाठीवरून फिरवली असती तर मी काय करून दाखवले नसते.

ती आता माळ्यावर राहायलाच आली आहे. वाल वाळत घाला, ही हजर. पापड घाला, हजर. कावळ्याला मेलेला कावळा टांगून पळवता येते. कोल्हा येतो तो कोंबडीपुरता, त्याचे बाकी घरात लक्ष नसते. कुर्ल्या तिरक्या चालत न्हाणीत शिरतात, पण त्यांची आमटी तरी होते. खारीचे काय करू?

विहीणबाईंना नमस्कार. जावईबापूंना आशीर्वाद. सीता आणि सत्यवान! मधे राम नाही, सावित्री नाही, तरी तुमचा संसार चालला हे नवलच आहे.

तुझी आजी हौसाबाई

लालबाग, मुंबई
२ फेब्रुवारी १९५८

प्रिय आजी,

तुझ्या पायांवर डोके.

तुझे पत्र संध्याकाळी ह्यांनी मोठ्याने वाचले. सासूबाईंना अक्षरओळख नाही, पण घरात आलेला कागद त्यांच्या कानावरून गेल्याशिवाय आत जात नाही. मजल्यावरच्या बायकाही येऊन बसतात. 'राम नाही, सावित्री नाही' याला सगळ्या खूप हसल्या. मग खार आली आणि सासूबाईंचे हसणे बंद झाले.

तुला ठाऊक नसेल, त्यांचे माहेर फोंडाघाट. लहानपणी घाटातून वानर उतरले आणि त्यांच्या जेवत्या पानातली भाकरी उचलून समोर बसून खाल्ली. तेव्हापासून त्यांना चार पायांचे काही चालत नाही. पाटाचे पायसुद्धा बघून बसतात. त्या म्हणाल्या, "ज्या घरात फडताळात खार, न्हाणीत कुर्ल्या, परसात कोल्हा, तिथे माझी सून बाळंत व्हायची नाही. इथे हॉस्पिटल आहे." आणि एवढे बोलून वर खारीवर औषध सांगितले, लाल मिरचीची धुरी.

आजी, मला तुझ्याकडेच यायचे आहे. इथे कुणी वाईट नाही, पण पोटातले हलते तेव्हा मला खाडीचा वास हवासा वाटतो. म्हणून एक युक्ती करू. खार गेली असे लिही. आणि तुला तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवणार नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा पुढच्या पत्रापासून तिला खार म्हणू नको, शेवंती म्हण. जणू कामाला ठेवलेली बाई. मला कळेल, बाकी कुणाला कळणार नाही.

जपून लिही हं.

तुझी सीता

देवबाग
१६ फेब्रुवारी १९५८

चि. सौ. सीता हिस अनेक आशीर्वाद.

खार गेली. सत्यवानराव, हे जरा आवाज चढवून वाचा. खार गेली, आपले चंबूगबाळे घेऊन गेली, मागे वळून बघितले नाही.

आता दुसरी गोष्ट. मदतीला मला शेवंती म्हणून एक मिळाली आहे. मदत कसली, नुसती खाते. राहते माळ्यावर. पहाट झाली की छपरावरून धावते, म्हणजे छपराखालून धावते, बायकांनी धावायचे ते छपराखालूनच. काल पिठाच्या डब्यात पडली आणि पांढरीफेक बाहेर आली. मी केरसुणी घेऊन मागे लागले तर मला कितीतरी वेळ बोलत होती. काय बोलली ते कळले नाही, पण आईबापाचा उद्धार होता हे नक्की.

विहीणबाईंनी सांगितलेल्या धुरीची मिरची खार गेल्यामुळे उरली होती. ती शेवंतीला दिली. भिकाजीला बोलावले. भिकाजी म्हणजे आपले माड चढून नारळ पाडतो तो. त्याने माळ्याखाली शेगडी ठेवली आणि मिरच्या टाकल्या. मी खोकले, भिकाजी खोकला, शेजारची चंद्रावती घागर घेऊन आली, घर पेटले म्हणून, मग तीही खोकली. तिघांच्या डोळ्यांतून धारा. आणि शेवंती? माडावर जाऊन बसली होती आणि आमच्याकडे बघत शेपूट हलवत होती. शेपटा. शेपटा हलवत होती. केस लांब आहेत तिचे.

भिकाजी म्हणाला, "हौसाकाकी, ही माझ्यापरास बेगीन माडार चढता. ह्येकाच नारळ पाडूक ठेव."

तर असे आहे. बाकी घरात प्राणी नाही. बाळाच्या गोधडीला माझे जुने हिरवे लुगडे काढले आहे. ते मऊ झाले आहे, माझ्यासारखे.

आजी

लालबाग, मुंबई
१ मार्च १९५८

प्रिय आजी,

नमस्कार.

अगं, काय लिहिलेस! ह्यांनी ते सगळ्यांसमोर वाचले. मग सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणूस माडावर चढली?" हे म्हणाले, "देवबागला चढत असतील." त्या म्हणाल्या, "मिरचीची धुरी भूत लागलेल्याला देतात. त्या पोरीला काय झाले आहे? पिठात पडली ती भुकेने पडली असेल. आणि ही तिच्यामागे केरसुणी घेऊन?"

समोरच्या शांताबाई तर डोळे पुसत होत्या.

खार गेली हे कुणी ऐकलेसुद्धा नाही. आता जो तो मला विचारतो, शेवंतीचे वय काय, तिला कोणी नाही का, तुझी आजी पहिल्यापासूनच अशी आहे का. मी खरे सांगू लागले तर खोटे उघडे पडेल आणि माझे येणे बुडेल. तू आता शेवंतीबद्दल काहीतरी बरे लिही. प्रेमाने लिही. नाहीतर लिहूच नको.

पाचवा संपत आला. मला सोलकढीचे डोहाळे लागले आहेत.

तुझी सीता

देवबाग
२० मार्च १९५८

चि. सौ. सीता हिस आशीर्वाद.

शेवंतीबद्दल मी काही लिहिणार नाही असे ठरवले आहे.

वालावलहून सावरीचा कापूस आला. बोंडे फोडून मी सुपात ठेवला, असा मऊ की हातात घेतला तर हात रिकामाच वाटतो. न्हाऊन आले तर सूप अर्धे. शेवंतीने तोंडात भरभरून नेला. माझ्या पणतवंडाच्या उशीचा कापूस! मिशांना लागला होता तरी 'मी नाही' असा चेहरा.

मी रडले, खोटे कशाला सांगू. खारीक नेली, सोसले. वाल नेले, सोसले. पण हा कापूस मी डोळ्यांपुढे ते इवलेसे डोके ठेवून सोलला होता. म्हणून ठरवले, हिला खाडीपलीकडे नेऊन सोडायची. आपल्या इथे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला दर्या, मधे ही वाळूची पट्टी. नुसती हाकलून जाणार कुठे? होडीनेच न्यायला हवी.

भिकाजीने तिला ओल्या खोबऱ्याने टोपलीत बोलावले, वर दुसरी टोपली उलटी घातली, सुंभाने बांधली आणि होडीतून नेली. पलीकडे जाऊन सोडली. ती झाडीत गेली. हा निवांत विडी ओढत बसला, मग परत आला. अंगणात टोपली ठेवतो तर आतून शेवंती बाहेर! हा विडी ओढत होता तेव्हा ही परत येऊन बसली, होडीचे भाडे न देता. माझ्या अंगावरून धावत गेली ती थेट माळ्यावर.

भिकाजी म्हणाला, "काकी, ही तुका सोडूची नाय. मागच्या जन्माची तुझी सवत आसतली."

सीते, हे मी प्रेमाने लिहिले आहे. तुझ्या सासूबाईंना सांग, खायला तिला भरपूर मिळते, मी न देता मिळते.

आजी

लालबाग, मुंबई
२८ मार्च १९५८

विहीणबाई हौसाबाई यांस राधाबाईचा नमस्कार.

(लिहिणार सत्यवान. शब्द आईचे, अक्षर माझे. मी यात नाही.)

मी घाटाखालची बाई, मला फिरवून बोलता येत नाही. तुम्ही त्या शेवंतीला मिरचीची धुरी दिलीत. आता तिला टोपलीत घालून, सुंभाने बांधून, गड्याकरवी खाडीपलीकडे टाकलीत. तरी ती परत आली. हाकललेले माणूस परत येते म्हणजे त्याला दुसरे कोणी नसते, एवढे तुम्हाला या वयात कळू नये? मिशा आहेत म्हणून हिणवता? माझ्या आत्तेलाही होत्या.

आणि कापूस नेला म्हणून रडता. अहो, पोरीला वाल हवेसे वाटतात, खारीक हवीशी वाटते, कोपरा धरून बसते, आणि आता मऊ कापूस जमवते. तुम्ही पोरेबाळे वाढवलेली बाई ना? बाईमाणूस कापूस कधी जमवते? तिला दिवस गेले आहेत. इथून मला दिसते आहे, तुम्हाला माळ्यावरचे दिसत नाही.

तसे असेल तर ऐका. बाळंतिणीला सव्वा महिना उंबऱ्याबाहेर काढू नये, मग ती कोणी का असेना. तिला डिंक द्या, ऊब द्या, गोड बोला. परक्या पोरीचे तुम्ही कसे करता त्यावरून मी ठरवणार, माझी सून तुमच्याकडे पाठवायची की नाही.

कळावे.

(तिने अंगठा उठवला आहे, जोरात. कार्ड फाटले ते त्याने. सत्यवान.)

देवबाग
८ एप्रिल १९५८

सौ. राधाबाईंना हात जोडून नमस्कार. सीतेला आशीर्वाद.

विहीणबाई, तुम्ही बाई नाही, तुम्ही देवी आहात!

काय झाले ते सांगते. त्या सकाळी भिकाजीने माळ्याला शिडी लावली होती. कापसाचा जो काही गोळा असेल तो ओढून काढायचा आणि खाली टाकायचा, असे मीच सांगितले होते. तो तिसऱ्या पायरीवर, आणि अंगणात पोस्टमन. मी म्हटले, थांब रे, मुंबईचे कार्ड आहे. उंबऱ्यात बसून वाचायला घेतले. तुमच्या पत्रात जोडाक्षरे फार आहेत, तेवढा वेळ भिकाजी शिडीवर उभा. 'कोणी का असेना' पर्यंत आले आणि ओरडले, "भिकाजी, हात लावू नको! नुसता बघ!"

तो वर गेला. मग हळूच म्हणाला, "हौसाकाकी, पोरां आसत."

"किती?"

"तीन."

राधाबाई, तीन! एकदम! मी या वयात, या गुडघ्यांनी शिडी चढले. आंगठ्याएवढी आहेत, म्हणजे आंगठा चोखण्याएवढी. अंगावर केस नाही, डोळे मिटलेले, गुलाबी, एकमेकांत गुंतून कापसात निजलेली. माझ्या पणतवंडाच्या कापसात. मला राग यायला हवा होता. आला नाही. तो कापूस मी सोलला तेव्हा जे डोके डोळ्यांपुढे होते, तसेच इवलेसे डोके त्यात होते, एकाच्या जागी तीन, एवढाच फरक.

शेवंती आधी माझ्यावर दात काढून आली. मी म्हटले, "गो बाय, गप रव. विहीणबाईंचा हुकूम इलो आसा." मग बसली.

नवऱ्याचे विचाराल. त्याचे नाव काढू नका. तो असतो माडामाडावर. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. मूल बघायला एकदा डोकावला नाही.

मी दहा दिवस देवाला शिवणार नाही, एका छपराखाली सोयर म्हणून. चंद्रावती दिवा लावते. रोज डिंकाचा लाडू ठेवते, कुस्करून. भिकाजी खाली दबकत चालतो. नारळ पाडायचे तर आधी सांगतो, "शेवंते, घाबरा नको हां, पाडतंय."

आता सांगा, सीतेला पाठवाल ना?

तुमची हौसाबाई

लालबाग, मुंबई
१८ एप्रिल १९५८

आजी,

घाईत लिहिते. सासूबाई मला पाठवणार आहेत. नुसत्या पाठवणार नाहीत, स्वतः पोचवायला येणार आहेत! तुझे पत्र ऐकून त्या उठल्या, आत गेल्या आणि पदराने नाक पुसत बाहेर आल्या. म्हणाल्या, "एकटी बाई, नवरा असला मेला, आणि तीन पोरे! मला बघायलाच हवे." तेव्हापासून टोपडी शिवताहेत. तीन शिवली. लाल, पिवळे आणि हिरवे. शेवंतीला एक लुगडे घेतले आहे, पोरांना काजळाची डबी, आणि तिच्या नवऱ्याला सुनवायला चार वाक्ये पाठ केली आहेत.

बोट पंचविसाला निघते. आजी, त्यांना कळले तर त्या मला त्याच बोटीत बसवून परत आणतील. आता तू, तुझी शेवंती आणि देव.

सीता

देवबाग
२ मे १९५८

चि. सत्यवानराव यांस अनेक आशीर्वाद.

तुमची आई आणि माझी सीता सुखरूप पोचल्या. सीता बरी आहे. सोलकढी प्यायली, झोपली, उठली, परत प्यायली. आता आईंचे सांगते, कारण तुम्ही काळजीत असाल, आणि असायलाच हवे.

मालवणला बोटीतून पडावात आणि पडावातून एका गड्याच्या खांद्यावर बसून किनाऱ्याला आल्या तेव्हाच त्यांनी त्या गड्याला विचारले, "शेवंतीक वळाखतस?" तीस वर्षे मुंबईत राहून त्यांची बोली अशी परत आली, जणू वाटेतच उभी होती. इथे अंगणात आल्या. मी गूळपाणी पुढे केले. त्यांनी ते घेतले नाही. म्हणाल्या, "आधी बाळंतीण. शेवंती खंय आसा?"

मी सीतेकडे बघितले. सीतेने जमिनीकडे बघितले. आणि भिकाजी, त्या मेल्याला काय ठाऊक? तो कौतुकाने पुढे झाला. "शेवंती मगे? ती वर आसा. पोरां आता डोळे उघडून बघतत. चला, शिडी धरतंय."

तुमची आई, सत्यवानराव, लुगड्याचे बोचके काखेत मारून, लाडू पदरात बांधून, शिडी चढल्या. आम्ही खाली. वर फळ्या करकरल्या. मग 'चिक् चिक् चिक्'. मग माझे नाव आले, "हौसाबाई!" मालवण बंदरात ऐकू गेले असेल.

मी खालूनच सगळे सांगितले. खोटे कुणाचे, नाव कुणाचे, सगळे. सीतेला वाचवायला म्हटले युक्ती माझीच, तर ती म्हणाली, "नाही, माझी." दोघी मिळून रडलो.

त्या वरून म्हणाल्या, "म्हणजे दोन महिने मी खारीसाठी डोळे गाळले? मी? टोपडी शिवली? चाळीत वर्गणी काढून लुगडे घेतले? सीता, गाठोडे सोडू नको. याच बोटीने परत."

माझा जीव गेला, सत्यवानराव. मी शिडीचा पाय धरला आणि म्हटले, "विहीणबाई, न्यायची तर न्या. पण एक ऐका. मी तिला फेकणारच होते. शिडी लागली होती. तुमचे कार्ड आले म्हणून ती चौघे जगली. 'कोणी का असेना' हे तुमचे शब्द आहेत. मी अडाणी बाई, मला वाटले, कोणी का असेना म्हणजे कोणीही असो."

भिकाजीने मान वर केली आणि मला खूण केली. मी दोन पायऱ्या चढून बघितले. तुमची आई माळ्यावर मांडी घालून बसली होती. पदराची गाठ सुटलेली. शेवंती तिच्या गुडघ्यापाशी दोन्ही हातांत लाडवाचा तुकडा धरून खात होती. आणि एक पिल्लू, सगळ्यात व्रात्य ते, नव्या लाल टोपड्यात जाऊन बसले होते, फक्त नाक बाहेर.

ज्यांना चार पायांचे काही चालत नाही त्या तुमच्या आई हळूच म्हणाल्या, "डिंक आसा, खा. दूध येतला." मग मला बघून आवाज चढवला, "बघताय काय? शिडी नीट धरा. आणि धसमुसळेपणा नको, ती दचकते."

खाली आल्या, गूळपाणी घेतले, प्यायल्या, आणि सीतेचे गाठोडे स्वतः सोडले. मला म्हणाल्या, "खारीचा इतक्या करतास, मगे माझ्या सुनेचा करतलास."

एवढेच बोलल्या. मला पुरले.

त्या आता पावसाळाभर राहणार म्हणतात. शेवंतीच्या नवऱ्याशी अजून बोलायचे आहे.

हौसाबाई

देवबाग
१२ जुलै १९५८

चि. सत्यवान यास आईचा आशीर्वाद.

(अक्षर सीतेचे. सासूबाई सांगतात तसे.)

तार मिळाली असेल. मुलगी. नाक तुझे, बाकी चांगली आहे. हौसाबाईंनी बाळंतपण असे केले की मी बोट ठेवायला जागा शोधली, मिळाली नाही. उशी जरा लहान झाली, कापूस तेवढाच उरला होता. पण डोकेही लहानच आहे. हिरवे टोपडे तिला बरोबर बसते. पिवळे न्हाणीतल्या कुर्लीने नेले. कुर्लीची आमटी झाली.

शेवंतीची तिन्ही मोठी होऊन माडावर गेली. तीही गेली. माळा आता सुना वाटतो.

काल बारसे झाले. तू कळवलेले 'मीनाक्षी' मला चांगले पाठ होते. पाळण्यापाशी वाकले, कानात कुर्र केले आणि नाव घेतले, तर तोंडातून 'शेवंती' बाहेर पडले. बायका म्हणाल्या, परत घ्या. मी म्हटले, बाळाने ऐकले आहे, आता फिरवायचे नाही.

(चुकून पडले असे त्या म्हणतात. मी जवळ होते. चुकून पडले नाही. सीता.)

देवबाग
२८ ऑक्टोबर १९५८

चि. सौ. सीता हिस आणि लहान शेवंतीस आजीचे आशीर्वाद. राधाबाईंना नमस्कार.

बोट सुटली तेव्हा मी रडणार नाही असे ठरवले होते. नाही रडले. भिकाजी रडला. येताना मला म्हणाला, "काकी, आता घरात कोण बोलतला?" मी म्हटले, "तूच बोल." तो गप्प बसला. मालवणहून देवबागपर्यंत गप्प.

घरी आले तर पाळण्याचा दोर तसाच लोंबत होता. सोडायला हात झाला नाही. शेवंतीने, म्हणजे तुमच्या शेवंतीने, गोधडीवर जो नकाशा काढला तो मी अजून धुतलेला नाही. बघते आणि हसते. कोंबड्या बघायला येतात.

आणि ऐक. परवा वाल वाळत घातले होते. वर बघते तर आड्यावर कोण? तीच! परत आली. खारीक संपली आहे हे तिला ठाऊक होते, कारण आधी फडताळ बघून आली. आता पुन्हा माळ्यावर संसार. पण बाई बदलली आहे. पहिल्यासारखी पळत नाही. येते, बसते, घरातली वस्तू न् वस्तू नाक वर करून बघते, पाटाचे पाय बघते, मग ताटापाशी बसते. वाढायला उशीर झाला की असे काही बोलते की मी उठतेच. केरसुणी जागेवर नसेल तरी बोलते. काल मी डिंकाचा लाडू दिला, तर आधी हुंगला, तूप कमी म्हणून बाजूला ठेवला, आणि मी वळल्यावर खाल्ला. भिकाजी तिच्यासमोरून जाताना टोपी काढतो.

आता अडचण अशी की शेवंती हे नाव तर आपल्या बाळाला गेले. एका घरात दोन शेवंत्या कशा चालतील? म्हणून या बाईला दुसरे नाव ठेवणे भाग होते. मी आणि भिकाजी, दोघांच्या तोंडून एकदमच निघाले. फार शोभते. हाक मारली की ती वळून बघते.

काय ठेवले ते मात्र इथे लिहीत नाही. तुमच्याकडे पत्र मोठ्याने वाचतात.

तुझी आजी
हौसाबाई